सही करण्याआधी शेजाऱ्याचा करार वाचा

उमरी, धर्माबाद, नायगाव किंवा भोकरच्या शिवारात महावितरणच्या उपकेंद्राजवळ ज्यांचं रान आहे, त्यांना ‘सोलरला जमीन देता का?’ हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. लातूरकडेही तेच. विचारणारा कधी कंपनीचा माणूस असतो, कधी गावातलाच एखादा होतकरू मध्यस्थ. बोली साधारण ठरलेली: एकरी पन्नास हजार, पंचवीस वर्षं, घरबसल्या. पेरणी नको, फवारणी नको, पावसाची वाट पाहणं नको.

सोयाबीनचा पडता भाव दोन-तीन हंगाम अंगावर काढलेल्या कास्तकाराला ही बोली वाईट कशी वाटेल? कोरडवाहू रान ठोक्याने किंवा बटाईने देऊन हाती जे येतं, त्याच्या ती कितीतरी पट आहे. म्हणून ‘देऊच नका’ असा सल्ला या लेखात नाही. द्या, पण एकेकट्याने आणि झाकून देऊ नका. सौर प्रकल्पाला दहा-पंधरा घरांची सलग जमीन लागते. त्या दहा-पंधरा घरांशी बोलणी मात्र वेगवेगळ्या ओसरीवर होतात आणि प्रत्येकाला ‘तुमच्यासाठी खास दर काढलाय, बाहेर बोलू नका’ असं सांगितलं जातं. अन्यायाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

पन्नास हजारांचा आकडा कुठून आला?

राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांच्या जवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे, असा तिचा हेतू. मे २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये झालं. एकराच्या भाषेत ते पन्नास हजार आणि थोडे वर. या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॅटचा. उमरीच्या माणसाला तो लांबचा वाटेल, पण मराठवाड्यातलाच आहे.

दराचं सूत्र मात्र पूर्ण वाचलं पाहिजे, कारण मध्यस्थ त्यातलं अर्धंच सांगतो. जमिनीच्या शासकीय मूल्याच्या ६ टक्के किंवा हेक्टरी १,२५,००० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते, असं ते सूत्र आहे. म्हणजे तुमच्या गटाचं रेडी रेकनरचं मूल्य हेक्टरी २० लाख ८३ हजारांच्या वर असेल, तर तुमचं भाडं सव्वा लाखापेक्षा जास्त व्हायला हवं. बहुतेक कोरडवाहू रानाचं मूल्य तेवढं नसतं. पण रस्त्यालगतची, गावठाणाला चिकटलेली जमीन त्याच्या वर जाऊ शकते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता आहे. गावातला कोणताही शिकलेला मुलगा पाच मिनिटांत काढून देईल.

दुसरं, हा दर योजनेपुरता आहे. योजनेबाहेर थेट तुमच्याशी करार करणारी कंपनी ‘सरकारी दरच आहे, याच्या वर देता येत नाही’ म्हणाली, तर ते खरं नाही. सरकारने तळ ठरवलाय, छत नाही. थोडा हिशोब करून बघा. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. आपल्याकडच्या उन्हात तेवढा प्रकल्प वर्षाला सुमारे १६ लाख युनिट वीज देतो. युनिटला ३ रुपये धरले तरी वर्षाची विक्री ४८ लाखांची. त्यात तुमच्या पाच एकरांचं भाडं अडीच लाख, म्हणजे शंभरातले पाच रुपये. कंपनीला कर्जाचे हप्ते असतात, यंत्रांचा खर्च असतो, हे खरंच. तरी एकरी पाच हजार जास्त मागितले म्हणून प्रकल्प बुडेल, ही भीती कुणी घातली तर हा हिशोब समोर ठेवा.

एकाच शिवारात दोन दर

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली होती. मोबदला आला सुमारे चार लाख. आसपासच्या इतरांना मात्र त्याहून कितीतरी जास्त मिळाल्याची त्यांची तक्रार होती. ते सक्तीचं संपादन होतं आणि भाडेपट्टा राजीखुशीचा असतो, हा फरक मोठा आहे. पण त्यांच्या अर्जांमधली मूळ कळ होती ती दराच्या तफावतीची, आणि ती तफावत का झाली हे कुणीच नीट न सांगण्याची.

उलट उदाहरण कर्नाटकातलं. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडा इथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचं सौर उद्यान उभं आहे. जमीन कुणाची विकत घेतली नाही, भाड्याने घेतली, आणि तीही सरकारी कंपनीने सगळ्यांकडून एकाच दराने: एकरी २१ हजार, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. दर आजच्या मानाने कमी वाटेल, पण कुणाला किती मिळतं हे अख्ख्या शिवाराला माहीत होतं. पावगड्यातही सगळं आलबेल झालं नाही. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्या मजुरांची कामं गेली. सालगड्याला भाडेपट्टा मिळत नाही. आपल्या गावात करार करताना गवत काढणं, पॅनल धुणं, राखण, ही कामं गावातल्याच माणसांना द्यायची अट घालता येते. घालावी.

आता कामाची गोष्ट. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याने नोंदवावाच लागतो, आणि नोंदवलेला दस्त ही गुप्त गोष्ट नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि सूची कुणालाही अर्ज करून, फी भरून पाहता येते, नक्कल घेता येते. नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सूची क्रमांक दोन दिसते: कुणी, कुणाला, कधी, किती मोबदल्याने. म्हणून तुमच्याकडे मसुदा आला की आधी हे करा. शेजारच्या गावात, शेजारच्या तालुक्यात त्याच कंपनीने केलेले भाडेपट्टे शोधा, दोन-तीन नकला काढा आणि आपल्या मसुद्याशेजारी ठेवून वाचा. दर सोडा, इतर अटींत काय काय फरक आहे तेही दिसेल. कराराबद्दल कुणाशी बोलायचं नाही, असं कलम काही मसुद्यांत असतं. जो कागद नोंदणी कार्यालयात जगाला खुला आहे, त्याची गुप्तता फक्त तुमच्या तोंडावर लादण्यात काय हशील? ते कलम काढायला सांगा.

आणि सगळ्यांत मोठी सुरक्षितता म्हणजे शिवारातल्या सगळ्या खातेदारांनी एकत्र बसणं. एकच मसुदा, एकच दर आणि एक वाक्य: या प्रकल्पासाठी इतर कोणत्याही खातेदाराला जास्त दर दिला गेल्यास तो आम्हालाही त्याच तारखेपासून लागू होईल. भाऊबंदकीच्या गावात हे सोपं नाही, कबूल. ज्यांच्यात बांधावरून बोलणं बंद आहे त्यांना एका चटईवर बसवायचं म्हणजे कंपनीशी बोलण्यापेक्षा अवघड. पण जमिनीचा मधला तुकडा ज्याचा, त्याला कंपनी वेगळा भाव देणारच आणि कडेच्या माणसाला वेगळा. ही खेळी कंपनीला ठाऊक असते, तुम्हालाही असू द्या.

आकड्यांत लपलेलं

भाड्यात दरवर्षी तीन टक्के वाढ म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय सही करू नका. सरकारी योजनेत ही वाढ पहिल्या वर्षीच्या दरावर, सरळ पद्धतीने मिळते. म्हणजे ५० हजारांवर दरवर्षी १,५०० रुपये, तितकेच. पंचविसाव्या वर्षी ८६ हजार आणि पंचवीस वर्षांची बेरीज १७ लाख. तीच ३ टक्के वाढ चक्रवाढीने, म्हणजे आदल्या वर्षीच्या भाड्यावर धरली, तर बेरीज १८ लाख २३ हजारांच्या आसपास जाते. ५ टक्के चक्रवाढ मिळाली तर सुमारे २३ लाख ८६ हजार. वाढच नसेल तर साडेबारा लाख. कधी कधी ‘दर तीन वर्षांनी १० टक्के’ असं आकर्षक वाक्य येतं. ते ३ टक्के चक्रवाढीएवढंच भरतं, कमी नाही, जास्तही नाही. पहिल्या वर्षीच्या दरावर आठ दिवस घासाघीस करणारे लोक वाढीच्या कलमावरून मान हलवून पुढे जातात, आणि खरे पैसे तर तिथेच असतात.

मग पोटखराबा. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराबा वेगळा लिहिलेला असतो. समजा तुमच्या गटाचं एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर आहे आणि त्यात १५ आर पोटखराबा. कंपनी कुंपण घालते ते अख्ख्या गटाला. त्या १५ आरांवर ट्रान्सफॉर्मर किंवा चौकीदाराची खोली उभी राहते. भाडं मात्र सव्वादोन हेक्टरांचंच धरलं जातं. हेक्टरी सव्वा लाखाने १५ आरांचे वर्षाला १८,७५० रुपये होतात. सरळ ३ टक्के वाढ धरून पंचवीस वर्षांत ६ लाख ३७ हजार ५०० रुपये. तेव्हा ‘कुंपणाच्या आतलं सगळं क्षेत्र, पोटखराब्यासह’ हे शब्द करारात हवेतच. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहा. एकर-गुंठ्याच्या गोल आकड्यांत इकडची धूळ तिकडे होते.

कागद आधी आपले तपासा

कंपनीचा वकील तुमचा सातबारा तपासणार आहेच. त्याच्याआधी तुम्ही तपासा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्या जमिनींच्या गाठी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा निराळ्या आहेत. कूळकायदाही आपला वेगळा, १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय भाडेपट्टा करू नका. मदतमाश किंवा खिदमतमाश इनामाचा इतिहास असेल तर जास्तच सावध राहा. खिदमतमाश जमीन देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली असते, ती आपली समजून करार केला तर पुढे भाडंही जातं आणि खटलाही मागे लागतो. शंका असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पत्रकाची नक्कल काढा. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेचं ३६अ कलम लागू होतं. तिथेही परवानगी आधी, सही नंतर.

घरातल्या सह्यांचं काय? वडील वारले, वारस नोंद झाली, पण बहिणींची नावं ‘इतर हक्कात’ किंवा कुठेच नाहीत, असे सातबारे पैशाला पासरी सापडतात. कंपनी तात्पुरती गप्प बसेल, पण भाड्याचा पहिला हप्ता आला की विषय निघतोच. बहिणींना आधीच बसवा, हिस्सा बोला, करारात प्रत्येक सहहिस्सेदाराच्या बँक खात्याचा नंबर आणि त्याचा वाटा लिहा. एखाद्या अज्ञान मुलाच्या नावावर जमीन असेल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा आईवडिलांनाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

गटातला काही भागच द्यायचा असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि पोटहिस्सा करून घ्या, खर्च कंपनीचा. हे न करता भाडेपट्टा नोंदवला की त्याची नोंद अख्ख्या गटाच्या इतर हक्कात चढते. मग उरलेल्या रानावर पीककर्ज काढायला बँकेत गेलात की साहेब तोच रकाना दाखवून फाइल बाजूला ठेवतात.

करार होण्याआधीचे करार

खरा धोका मोठ्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यात कमी आणि त्याआधीच्या बारीक कागदांत जास्त असतो. पाचशेच्या बाँडवर नोटरी केलेलं संमतीपत्र, दहा-वीस हजारांचा विसार, आणि त्यात एक वाक्य: कंपनी पुढील २४ महिन्यांत केव्हाही भाडेपट्टा करून घेऊ शकेल, तोवर खातेदाराने जमीन दुसऱ्या कुणाला देऊ नये. थोडक्यात, वीस हजारांत दोन वर्षं तुमचे हात बांधले. कंपनीला वीजखरेदीचं कंत्राट मिळालं तर ती येणार, नाही मिळालं तर येणार नाही. तुम्ही मात्र अडकून. असा कागद करायचाच असेल तर मुदत सहा महिन्यांची ठेवा, त्यातच भाडेपट्ट्याचा पूर्ण मसुदा जोडून घ्या आणि मुदत संपल्यावर तो कागद आपोआप रद्द होईल, विसार परत करावा लागणार नाही, असं लिहा.

कुलमुखत्यारपत्र तर देऊच नका. ‘परवानग्या काढायला लागतं’ असं सांगून ते मागितलं जातं, आणि मसुद्यात ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द हळूच बसलेला असतो. मोबदला घेऊन दिलेलं, दुसऱ्याचा हितसंबंध निर्माण करणारं मुखत्यारपत्र नंतर मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. परवानगीच्या अर्जांवर तुम्ही स्वतः सह्या करू शकता. तहसील काही चंद्रावर नाही.

मध्यस्थाबद्दलही बोललं पाहिजे. त्याची दलाली कंपनी देते, म्हणजे तो कंपनीचा माणूस, मग तो तुमचा चुलतभाऊ का असेना. त्याला एकरी किती मिळतं हे उघड विचारा. ऊर्जा प्रकल्पांभोवती मराठवाड्यात किती पैसा आणि किती दांडगाई फिरते, हे डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर साऱ्या राज्याने पाहिलं. त्या प्रकरणातल्या आरोपपत्रात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा आहे. रोखीत काही घेऊ नका, देऊ नका. प्रत्येक रुपया खात्यातून.

मसुदा हातात आल्यावर

पहिलं वाक्य शोधायचं ते भाडं कधी सुरू होतं याचं. ‘भाडे प्रकल्प कार्यान्वित झाल्याच्या दिनांकापासून देय होईल’ अशा धर्तीचं वाक्य दिसलं की थांबा. जमिनीचा ताबा आज जाणार, कुंपण पुढच्या महिन्यात पडणार, तुमची पेरणी बंद होणार आणि प्रकल्प कार्यान्वित कधी होईल हे कंपनीच्याही हातात नाही. वाहिनी जोडायला उशीर झाला तर वर्ष-दीड वर्ष फुकट जातं. भाडं ताब्याच्या तारखेपासून हवं, वर्षाचं आगाऊ हवं. हप्ता चुकला तर व्याज किती आणि किती दिवसांनी करार मोडण्याचा हक्क तुम्हाला मिळेल, हेही आकड्यांत हवं.

दुसरं, समोरची पार्टी कोण? जाहिरातीत नाव मोठ्या उद्योगसमूहाचं असतं, करारात मात्र एखादी नवीन कंपनी, या एकाच प्रकल्पासाठी काढलेली. तसं करणं बेकायदा नाही, ऊर्जा क्षेत्रात सर्रास चालतं. पण उद्या ती कंपनी बुडाली तर मोठा समूह हात वर करू शकतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही कंपनीचं भागभांडवल, संचालक आणि तिच्यावरचे बोजे पाहता येतात. भांडवल लाखभर रुपये दिसलं तर मूळ कंपनीची हमी मागा. महावितरणशी झालेल्या वीजखरेदी कराराची किंवा मंजुरीपत्राची प्रतही मागा; ज्याच्याकडे ते नाही, त्याला घाई कसली?

बँकेचं कर्ज हा तिसरा मुद्दा. प्रकल्पाला कर्ज लागतं आणि बँक काहीतरी तारण मागतेच. कंपनीने तारण ठेवायचा तो तिचा भाडेकरूचा हक्क आणि तिची यंत्रं. जमिनीची मालकी नाही. हे स्पष्ट, एका ओळीत लिहून घ्या, आणि तुम्ही कोणत्याही कर्जाला जामीन नाही हेही. प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर तुम्हाला लेखी कळवणं आणि नव्या कंपनीने थकबाकीसह सगळ्या अटी मान्य करणं बंधनकारक करा. पंचवीस वर्षांत मालक दोन-तीनदा बदलू शकतात, हे धरूनच चाला.

करार सोडण्याचा हक्क बहुतेक मसुद्यांत एकतर्फी असतो: कंपनी तीस दिवसांची नोटीस देऊन जाऊ शकते, तुम्ही मात्र जाऊ शकत नाही. प्रकल्पाला स्थैर्य लागतं, हे मान्य. पण मग कंपनीवरही किमान पाच वर्षांचं बंधन असू द्या आणि आधी गेली तर दोन वर्षांचं भाडं. काही करार पंचवीसऐवजी २९ वर्षांचे येतात. उभारणी आणि शेवटी सामान काढायचा वेळ त्यात धरलेला असतो, शिवाय २९ वर्षांच्या वर मुद्रांक शुल्काची पायरी चढते. मुदत कितीही असो, ‘कंपनीच्या इच्छेने आणखी मुदतवाढ’ हे कलम नको. वाढ हवी तर तेव्हाच्या दराने, तेव्हाच्या तुमच्या वारसांच्या संमतीने. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च तुमच्या गळ्यात घालत असतील तर सांगा, वेगळं ठरलेलं नसेल तर भाडेपट्ट्याचं मुद्रांक शुल्क कायद्यानेच भाडेकरूवर आहे.

शेवटचं वर्ष आज फार लांब दिसतं. त्या वर्षी रानात शेकडो लोखंडी खांब, काँक्रीटचे पाये, जमिनीखालच्या केबल आणि जुन्या पॅनलचे ढीग असतील. काळ्या मातीत पाय रोवलेलं काँक्रीट उपटणं किती खर्चाचं, हे विहिरीचं बांधकाम केलेल्याला विचारा. जुने सौर पॅनल २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली येतात, ते भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येत नाही. म्हणून सामान काढणं, खड्डे भरणं, जमीन नांगरण्याजोगी करून देणं, ही जबाबदारी आणि तिच्यासाठीची बँक हमी, दोन्ही हव्यात. हमी पहिल्या दिवशी मिळणार नाही. पंधराव्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने द्यावी असं तरी मान्य करून घ्या. काम होईपर्यंत भाडं चालू राहील, ही ओळ लिहिली की कंपनीही वेळेत सामान हलवते.

पाणी आणि वाट यांचा विसर पडतो. पॅनल धुवायला पाणी लागतं. ते तुमच्या बोअरचं, विहिरीचं की टँकरचं, हे लिहा. सपाटीकरणात ओघळ बुजवले तर पावसाळ्यात खालच्या शेतकऱ्याचं रान तुंबणार आणि तो भांडायला कंपनीकडे नाही, तुमच्याकडे येणार. पांदण किंवा शिवरस्ता कुंपणात जाऊ देऊ नका. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदारापुढे दावा होतो आणि त्यात सातबाऱ्यावरचं नाव तुमचं असतं.

गायरानाबद्दल एक वेगळीच सूचना. ग्रामपंचायतीला सौर कृषी वाहिनी योजनेत वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं निधी मिळतो, त्यामुळे ठराव पटकन होतात. पण मराठवाड्यात गायरानावर कितीतरी भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबं वर्षानुवर्षं कसून खातात. ठराव करण्याआधी त्यांना ग्रामसभेत बोलवा, नुसतं नोटीस बोर्डावर कागद लावून नव्हे.

कर, भाषा, भांडण

सौर प्रकल्पाचं भाडं हे शेतीचं उत्पन्न नाही, त्यावर प्राप्तिकर लागू होऊ शकतो. भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर गेलं तर कंपनी १० टक्के कपात करून देईल. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळते. जीएसटी, अकृषिक आकारणी, ग्रामपंचायतीचा कर, यांतलं जे काही लागेल ते कंपनीने भरायचं, एका वाक्यात.

मसुदा इंग्रजीत येतो. मराठी प्रत मागा, नुसती समजण्यासाठी नाही, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि अर्थाचा वाद झाल्यास मराठी प्रत ग्राह्य, या अटीसह. कंपनी शेवटच्या अटीला सहजासहजी तयार होणार नाही, पण मागितल्याशिवाय मराठी प्रतही मिळत नाही. वादाचं ठिकाण हैदराबाद किंवा मुंबई लिहिलेलं असेल तर नांदेड किंवा लातूर करून घ्या. पाच एकराच्या भाड्यासाठी मुंबईच्या लवादापुढे वकील उभा करणं कुणाला परवडतं? लवाद कंपनी एकटीच नेमणार असं असेल तर त्याला हरकत घ्या, सर्वोच्च न्यायालयानेही अशी एकतर्फी नेमणूक अमान्य केली आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि जमीन बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा.

ज्यांनी आधीच सह्या केल्यात त्यांनी आधी स्वतःच्या भाडेपट्ट्याची नोंदणीकृत नक्कल काढावी; अनेकांकडे फक्त झेरॉक्स असते, तीही अर्धी. मग शेजाऱ्यांच्या नकला काढून फरक एका कागदावर मांडा आणि सगळ्यांनी मिळून कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र द्या, पोचपावती जपून ठेवा. प्रकल्प उभा राहत असतानाचा काळ यासाठी सगळ्यांत चांगला. तेव्हा कंपनीला रस्ता, खांब, तारा यांसाठी तुमची रोज गरज असते आणि वाटाघाटीला तीही तयार असते. जे मान्य होईल ते तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर ठेवू नका. पुरवणी करार करा, तोही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, आणि त्याचा मुद्रांक, नोंदणी व वकिलाचा खर्च कंपनी देईल, हे त्याच कागदात लिहून घ्या.